दिव्यांगांच्या भेटीगाठी, प्रेम आणि सुरक्षितता : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गोव्यातल्या दिव्यांग तरुण-तरुणींसाठी आहे. 'आधी तब्येत सांभाळ, मग बघू' हे ऐकता ऐकता ज्यांची तिशी-चाळिशी आली, त्यांच्यासाठीही आहे. मी स्वतः कॅलिपर (पायाला लावायचा आधार) आणि कुबड्या वापरते, फोंड्याला राहते. मित्रमैत्रिणी मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, आणि जे विचारताना आवाज खाली करतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे : भेटा, फिरा, प्रेम करा, पण निघून यायची वाट दुसऱ्याच्या हातात देऊ नका. गाडी, पैसे, फोन, औषधं, कुबड्या-चाकखुर्ची, घराची किल्ली हे सगळं आपल्या ताब्यात असलं की माणूस मोकळेपणानं जवळ जाऊ शकतो.

लग्न जमवणं समजू शकतो, पण 'डेटिंग' आपल्यासारख्यांसाठी आहे का?

आहे. उलट आपल्याला त्याची गरज जास्त आहे, असं मला वाटतं. आपल्यासाठी स्थळ बघताना लोक अपंगत्वाचा अपंगत्वाशी मेळ घालतात : तिचा पाय अधू, याला एका डोळ्यानं दिसत नाही, जमेल. स्वभाव, आवडीनिवडी, भांडण झाल्यावर माणूस कसा वागतो, हे कुणी बघत नाही. ते चार वेळा भेटल्याशिवाय कळत नाही. दोघंही १८ वर्षांच्या वरची आणि राजी असली की भेटायला कुणाच्या परवानगीचा कागद लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे कायद्यापुढे आपण इतरांइतकेच सक्षम आहोत, आपले निर्णय आपले आहेत.

ओळख व्हायची कुठे? मी तर घरातून फार बाहेर पडत नाही.

अ‍ॅपवर होते, आणि ज्यांना बाहेर पडणं जड जातं त्यांना अ‍ॅपचा खरोखर उपयोग आहे. पण एकट्या अ‍ॅपवर राहू नका. जिथे माणसं काहीतरी करत असताना दिसतात, तिथली ओळख मला जास्त भरवशाची वाटते : नाटकाची तालीम, भजनी मंडळ, ग्रंथालय, कॉलेजचा जुना गट, नोकरीची जागा. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. दिव्यांगांच्या अशा मोठ्या मेळाव्यांत एक गोष्ट सहज मिळते, ती म्हणजे तिथे तुमच्या चाकखुर्चीकडे कुणी वळून वळून बघत नाही, त्यामुळे बोलणं थेट सुरू होतं.

वृत्तपत्रातल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीही चालतील. फक्त मजकूर स्वतः लिहा आणि संपर्कासाठी स्वतःचा नंबर द्या. मामाचा नंबर दिलात तर पहिली निवड मामा करणार.

प्रोफाइलवर अपंगत्व लिहावं का? की ओळख झाल्यावर सांगावं?

यावर आमच्यात भरपूर वाद होतात. माझं मत : प्रत्यक्ष भेटण्याआधी सांगावंच, शक्यतो प्रोफाइलवरच. यात कुणाला जाब द्यायचा प्रश्न नाही, तुमचा वेळ आणि सुरक्षितता याचा प्रश्न आहे. हॉटेलच्या दारात चाकखुर्ची बघून समोरच्याचा चेहरा पडला, तर तो क्षण आपणच सोसायचा असतो, आणि परतीची गाडी यायला अजून वेळ असतो.

पण सांगणं म्हणजे वैद्यकीय फाइल उघडणं नव्हे. दोन ओळी पुरतात. 'चाकखुर्ची वापरते, स्वतः गाडी चालवते, दशावतार रात्रभर जागून बघते.' 'मला ऐकू येत नाही, ओठ वाचतो, लिहून बोलायला आवडतं.' एक फोटो चेहऱ्याचा आणि एक चाकखुर्ची, काठी किंवा कुबड्या दिसतील असा ठेवा.

अपस्मार, मानसिक आजार, पोटाला लावलेली पिशवी अशा न दिसणाऱ्या गोष्टी प्रोफाइलवर सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. गोवा केवढासा आहे! वाळपईत लिहिलेलं संध्याकाळपर्यंत डिचोलीत पोचतं. ओळख थोडी पक्की झाली, पण जवळीक अजून व्हायची आहे, अशा टप्प्यावर सांगा. अपस्मार असेल तर भेटीआधी एवढं सांगितलेलं बरं : 'झटका आला तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन कर.' हे ऐकून समोरचा घाबरतो की नीट प्रश्न विचारतो, यावरूनही बरंच समजतं.

पहिल्याच गप्पांत 'तुला ते जमतं का?' असं विचारतात. काय उत्तर द्यायचं?

काहीही नाही. 'हे विचारण्याइतकी आपली ओळख नाही,' एवढं लिहा. माणूस चुकून बोलून गेला असेल तर माफी मागेल. पुन्हा विचारलं तर ब्लॉक करा, कारण सांगत बसू नका.

समोरचा माणूस खरा आहे हे कसं ओळखू?

भेटीआधी व्हिडिओ कॉल करा. सतत 'कॅमेरा बिघडलाय' म्हणणाऱ्याला भेटायला जाऊ नका. फोटो गुगलवर उलटा शोधून बघा, तोच चेहरा दुसऱ्या नावानं सापडतो का ते कळतं. दिसत नसेल तर हे काम विश्वासातल्या मैत्रिणीकडून करून घ्या. व्हिडिओ कॉललाही तिला शेजारी बसवा, आणि ती आहे हे समोरच्याला मोकळेपणानं सांगा.

पैशाची मागणी आली की ती ओळख तिथेच संपवा, कारण कितीही पटणारं असलं तरी. आपल्या बाबतीत फसवणूक करुणेच्या वाटेनं येते : 'तुझं दुःख मलाच समजतं', 'तुझ्यावर इलाज करणारा डॉक्टर मला माहीत आहे, आगाऊ रक्कम भर', 'तुझं पेन्शन सुरू करून देतो, ओटीपी सांग'. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याचा तपशील, आधार आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डाचा फोटो प्रेमात पडलेल्या माणसालाही देऊ नका. पैसे गेलेच तर लाज बाळगून रात्र घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

काही जणांना माझ्या अपंगत्वातच रस वाटतो. हे बरोबर आहे का?

असे लोक असतात. गप्पा नोकरीवर, घरावर, पुस्तकांवर टिकत नाहीत, फिरून फिरून कापलेल्या पायावर किंवा चाकखुर्चीवर येतात. 'कुबड्या घेऊन चालतानाचा व्हिडिओ पाठव' अशी मागणी होते. शरीर आवडणं वेगळं, आणि शरीराचा एक भाग सोडून बाकीचा माणूस न दिसणं वेगळं. अंगावर काटा येत असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे. 'आपल्याला एवढं तरी कुणी विचारतंय' या भावनेनं सहन करू नका. ही भावना आपल्यातल्या पुष्कळांना कुठे कुठे नेऊन सोडते, ते मी पाहिलं आहे.

पहिली भेट कुठे ठरवावी?

जिथे दिवसाउजेडी माणसांची वर्दळ आहे, फोनला रेंज आहे, आणि तुम्हाला एकट्यानं आत जाता आणि बाहेर येता येतं, तिथे. तिसरी अट बाकीचे लोक विसरतात. उचलून आत नेलेल्या जागेतून बाहेर येतानाही कुणीतरी उचलावं लागतं.

जागा तुम्ही सुचवा आणि आधी फोन करून विचारा. 'रॅम्प आहे का?' एवढंच विचारू नका. 'आहे' म्हणतात, आणि तिथे गेल्यावर स्कूटर चढवायला टेकवलेली फळी दिसते. नेमकं विचारा : दारात पायऱ्या किती? कठडा कुठल्या बाजूला? आत गेल्यावर पुन्हा पायरी उतरायची आहे का? शौचालयाचं दार किती इंच? चाकखुर्चीची रुंदी स्वतः टेपनं मोजून ठेवा, चाकावरची हाताची बोटंही हिशेबात धरून. मग समोरच्याला दार मोजायला सांगा. हसत हसत का होईना, मोजतात. पणजीत फोन्तेन्हासच्या जुन्या घरांतली हॉटेलं सुंदर आहेत, पण उंबरे उंच आणि जिने अरुंद. तिथे न विचारता जाऊ नका.

समुद्रकिनारा सगळ्यांना सुचतो. मला पहिल्या भेटीला तो पटत नाही. वाळूत चाक रुततं, कुबडी आत जाते, आणि शॅकपासून रस्त्यापर्यंतचं अंतर दुसऱ्याच्या आधारानं कापावं लागतं. अंधार पडल्यावर तर नकोच. त्यापेक्षा मिरामारला रस्त्याच्या बाजूनं बसा, कांपालला फिरा, मडगावच्या रवींद्र भवनात दुपारचं नाटक बघा. नाटकाला वेळ ठरलेली असते, माणसं असतात आणि संपल्यावर बोलायला विषय असतो. पावसाळ्यात कुबडीच्या टोकाचं रबर झिजलं नाही ना ते बघून निघा. ओल्या लादीवर पहिला दगा तेच देतं.

दिसत नसेल तर भेटण्याआधी एक खूण ठरवा : समोरच्यानं आधी आपलं नाव सांगायचं आणि कालच्या गप्पांतली एक गोष्ट बोलायची. हात धरून न्यायचं नाही, कोपर पुढे करायचं, हेही आधीच सांगा. ऐकू येत नसेल तर चेहऱ्यावर उजेड पडेल असं टेबल आणि गाणी न वाजणारी जागा मागून घ्या. बोललेलं लिहून दाखवणारी सोय फोनमध्ये असते, ती घरी एकदा चालवून बघा.

जायचं-यायचं कसं? 'मी न्यायला येतो' असं तो म्हणतो.

पहिल्या काही भेटींना नको. चांगल्या मनानं म्हणत असेल तरी नको. त्याच्या गाडीत बसलात की वाट त्याच्या हातात, आणि तुमची घडी केलेली चाकखुर्ची त्याच्या डिकीत.

गोव्यात संध्याकाळनंतर बस मिळणं कठीण होतं हे आपल्याला ठाऊक आहे. खासगी मिनीबसची पायरी उंच असते आणि कंडक्टरला घाई असते. म्हणून भेट ठरण्याआधी परतीची सोय ठरवा : ओळखीचा रिक्षावाला, गोवा माईल्सची अ‍ॅपवरून बोलावलेली गाडी, किंवा जवळच थांबलेली बहीण. परतीचं भाडं वेगळ्या कप्प्यात रोख ठेवा, कारण यूपीआय नेमकं तेव्हाच अडकतं. पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसता येत असेल तर गाडीचा नंबर घरी पाठवा. फेरीबोटीनं जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून घ्या. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि चिखलानं निसरडा होतो. सकाळी सहज चढलेली चाकखुर्ची संध्याकाळी तिथेच दोघांना ढकलावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर चालू ठिकाण आठ तासांपर्यंत पाठवता येतं. ते विश्वासातल्या एका मैत्रिणीला पाठवा. 'औषध घेतलंस का?' असा मेसेज आला की उत्तरावरून तिला कळावं, सगळं ठीक आहे की फोन करून बोलावून घ्यायचं. फोनमध्ये ११२ चं, म्हणजे तातडीच्या मदतीचं, अ‍ॅप ठेवा. बोलता येत नसेल तरी त्यातलं बटण दाबता येतं.

मदतीला येणाऱ्या मावशी किंवा भाऊ बरोबर असावा का?

शौचाला, जेवायला मदत लागत असेल तर असू द्या, त्यात कमीपणा नाही. भेटणाऱ्याला आधी सांगा, आणि मदतनीसाला दुसऱ्या टेबलावर बसवा. आधी दोघांत ठरवा : काय ऐकलं तरी चालेल, घरी काय सांगायचं नाही, कोणती खूण केली की उठून यायचं. ज्या मदतनीसाला फोनचा पासवर्ड माहीत आहे, त्याला गप्पांच्या अ‍ॅपचा वेगळा पासवर्ड देऊ नका. दिसत नसेल आणि फोन मोठ्यानं वाचून दाखवत असेल तर इअरफोन लावा आणि स्क्रीन काळी ठेवायची सोय सुरू करा. शेजारी बसलेल्या आत्याला तुमचे मेसेज वाचता येणार नाहीत.

घरचे म्हणतात, 'बाहेर जग वाईट आहे, आम्ही आहोत ना.' त्यांना कसं सांगू?

त्यांची भीती खोटी नाही. ज्यांनी आपल्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) खांद्यावरून नेलं आणि रात्र रात्र बाकड्यावर काढली, त्यांना हे सोपं जात नाही. भांडून एकदाच तोडण्यापेक्षा छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा : एकटीनं बँकेत जाणं, मैत्रिणीकडे राहणं, चवथीच्या बाजाराला स्वतः जाणं. मग सांगा. आईला सांगता येत नसेल तर मावशीला, वहिनीला सांगा, घरातलं एक माणूस आपल्या बाजूला असू दे. लपवाछपवीत धोका वाढतो, कारण 'घरी सांगेन' ही धमकी मग समोरच्याच्या हातात येते.

पण काळजीच्या नावाखाली फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं, मारहाण हे वेगळं. अशा वेळी तुम्ही किंवा तुमच्या वतीनं कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे मामलेदाराला, २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कळवू शकतं. कायदेशीर मदत आपल्याला मोफत मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी. १५१०० या नंबरवर विचारा.

जवळीक वाढली. शरीराबद्दल कसं बोलायचं? डॉक्टरला विचारायला लाज वाटते.

बोलायचं ते आधी, कपडे घालून, चहा पिताना. कुठे स्पर्श कळतो, कुठे दुखतं, लघवीच्या नळीचं काय करायचं, कुठल्या कुशीवर श्वास लागतो, थकलं की कसं थांबायचं. 'थांब' म्हणायला आवाज नसेल तर हाताची खूण ठरवा, आणि ती झाली की थांबायचं, प्रश्न न विचारता. एकदा हो म्हटलं म्हणजे पुढच्या वेळीही हो, असं नसतं. आणि जो मदत करतो त्याचे उपकार म्हणून हो म्हणायचं नसतं. हे मी परत परत सांगते, कारण उठवणारा, आंघोळ घालणारा आणि प्रेम करणारा एकच असला की नाही म्हणणं फार कठीण होतं. रोजच्या मदतीसाठी शक्य तिथे दुसरं माणूस ठेवा.

डॉक्टरला विचारायच्या काही गोष्टी जिवावरच्या आहेत. मणक्याची इजा छातीच्या मधल्या भागात किंवा त्याच्या वर असेल तर संबंधाच्या वेळी रक्तदाब एकदम चढू शकतो : डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. लगेच थांबा, ताठ बसा, नळी दुमडली आहे का बघा, आणि उतरलं नाही तर १०८. अपस्माराच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिननं, गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. कॉपर-टी आणि निरोधवर त्याचा परिणाम होत नाही. जन्मापासून मणक्याचा दोष असलेल्या पुष्कळांना रबराची अ‍ॅलर्जी असते, त्यांनी लॅटेक्सविरहित निरोध मागावा. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर पुरुषांनी सिल्डेनाफिल अजिबात घेऊ नये. डॉक्टरनं 'तुम्हाला हे कशाला हवं?' असं विचारलं तर डॉक्टर बदला. कुटुंबनियोजनाची माहिती मिळणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम १० खाली तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय मूल न होण्याची शस्त्रक्रिया कुणीही करू शकत नाही, आईवडीलसुद्धा नाहीत.

माझ्या मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे, वय २२. तिला कुणीतरी आवडतो. काय करू?

तिला माहिती द्या, सोप्या शब्दांत, चित्रं दाखवून, अवयवांची खरी नावं सांगून. शरीराविषयी कुणी काही शिकवलेलंच नसतं, म्हणून 'हे गुपित ठेव' म्हणणाऱ्याला ती बळी पडते. नाही म्हणायचा सराव घरात करून घ्या, आणि घरात ती नाही म्हणाली की ऐका. आजीला पापी द्यायला नको म्हणाली, तर आग्रह नको. त्या मुलाच्या घरच्यांना भेटा, दोघांना बसू द्या, तुम्ही पलीकडच्या खोलीत.

त्यानं माझे फोटो पसरवायची धमकी दिली आहे.

पैसे देऊ नका, पुढचे फोटो पाठवू नका, गप्पा पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर किंवा १९३० वर तक्रार करा. 'एकदाच दिसणारा' फोटोही दुसऱ्या फोननं टिपता येतो, हे पुढच्या वेळी लक्षात असू द्या. फार खचल्यासारखं वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.

अत्याचार झाला तर पोलीस आपलं ऐकतील का?

ऐकायलाच हवं, आणि कसं ऐकायचं हेही कायद्यात लिहिलं आहे. लैंगिक गुन्ह्याची तक्रार दिव्यांग व्यक्तीकडून घ्यायची असेल तर पोलीस अधिकाऱ्यानं तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी यायचं, दुभाषी किंवा विशेष शिक्षक बरोबर ठेवायचा आणि जबाबाचं चित्रीकरण करायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. दिव्यांग स्त्रीवर बलात्कार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ खाली किमान १० वर्षांची शिक्षा आहे. 'तिला दिसत नव्हतं, मग ओळखलं कसं?' असा प्रश्न कोर्टात उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका अंध स्त्रीच्या खटल्यात स्पष्ट केलं की अपंगत्व आहे म्हणून साक्ष कमकुवत ठरत नाही. तिनं आवाजावरून ओळखलं होतं.

भांडणात कुबडी ओढून घेणं, श्रवणयंत्र फेकणं, चाकखुर्चीचा चार्जर लपवणं हाही गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ९२ त्यासाठी आहे, शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं. पुरुषांनीही हे कलम वापरावं, त्यांच्यावरही हे होतं आणि ते बोलत नाहीत.

माझं प्रेम माझ्यासारख्याच मुलावर आहे, मीही मुलगाच आहे.

२०१८ पासून तो गुन्हा नाही. वरचं सगळं तुम्हालाही लागू. 'घरी सांगेन' या धमकीचा धोका तुम्हाला जास्त आहे, म्हणून खरं नाव, कामाची जागा, गावाचं नाव उशिरा सांगा.

मी दिव्यांग नाही, माझी मैत्रीण आहे. काय सांभाळू?

न विचारता चाकखुर्ची ढकलू नका. वेटर 'यांना काय हवं?' असं तुम्हाला विचारेल, तेव्हा तिच्याकडे बघा, उत्तर देऊ नका. लोक तुम्हाला थोर म्हणतील, तिच्यासमोर म्हणतील. तिथेच सांगा की तुम्हाला ती आवडते म्हणून तुम्ही तिच्याबरोबर आहात.

लग्न करायचं ठरलं. गोव्यात काय वेगळं बघायचं?

आपल्याकडे नागरी नोंदणी आणि तिच्या दोन सह्या असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबरोबर मालमत्ता सामाईक होते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधी करार केला नसेल तर दोघांचं सगळं दोघांत निम्मं होतं, वारशानं आलेलंसुद्धा. आईवडिलांनी तुमच्यासाठी पायऱ्या काढून, दारं रुंद करून ठेवलेलं घर त्यात येतं. सामाईक ठेवायचं की वेगळं, हे लग्नाआधीच नोंदणीकृत करारानं ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. वेगळं ठेवणं म्हणजे अविश्वास, असं वाटून गप्प बसू नका. दोघांनी मिळून वकिलाकडे जा, आणि वाचता येत नसेल तर करार घरच्यांकडून नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. नोंदणी कार्यालय वरच्या मजल्यावर असेल तर अर्ज देतानाच लेखी कळवा की सही खाली घ्यावी, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.